खदानीनं खाल्लेलं पाणी शेतीच्या पाण्यानं भरून देतात म्हणे, आपल्याकडे जमेल का?

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका)

राजेहो, थोडं लांब लिहितो पण पूर्ण वाचा. आमच्या शिवारात गिट्टीची खदान आहे, आठ-नऊ वर्षं झाली. आधी टेकडीच्या पोटातून खोदत होते तवा कोणाले काही वाटलं नाही, आता खाली जाता जाता चाळीस-पंचेचाळीस फूट खड्डा झाला अन् दोन वर्षांपासून त्यात झिरे फुटले. आता रोज मोटर लावून पाणी उपसते आणि नाल्यात सोडते, थे पाणी नाल्यानं वाहून खाली नदीत. माझी विहीर खदानीपासून चारशे-साडेचारशे फुटांवर असंन. आधी गहू निघून वर संत्र्याले एप्रिलपर्यंत पुरायची. यंदा फेब्रुवारीत ऐन दाणा भरायच्या वेळी फूटव्हॉल्व्ह उघडा पडला, मोटर नुसती घरघर करे अन् पाइपातून हवा. शेवटचं पाणी गव्हाले भेटलंच नाही, दाणा असा बारीक झाला की व्यापाऱ्यानं हातात घेऊन फुंकर मारून दाखवली.

आता मुद्दा. माह्या बायकोचा मावसभाऊ अमेरिकेत कोलोरॅडोत आहे, त्याले फोनवर सांगितलं तर तो म्हणे इकडे खदानवाल्याले जेवढं पाणी उडालं तेवढं नदीत भरून द्यावं लागते, त्यासाठी तो एखाद्या शेताचा ओलिताचा हक्क विकत घेते, ते शेत कायमचं कोरडं ठेवते आणि त्या शेताचं पाणी नदीले सोडते. मले आधी वाटलं मस्करी करून रायला. पण तो म्हणे खरं आहे.

आमच्या गावचा खालचा भाग कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. तिथले पाच-सहा जण रब्बीचं पाणी घेतच नाहीत, पोरं पुण्याले. तर खदानवाल्यानं त्यांच्या पाळ्या विकत घेऊन थे पाणी आमच्या बाजूले द्यावं असं ग्रामसभेत मांडता येईल का? कायदा आहे का असा काही? जाणकारांनी सांगा.

टिप्परचालक_माजी

भाऊ, ज्या गावात एका रॉयल्टी पासवर (एका खेपेच्या परवान्यावर) चार खेपा होतात त्या गावात पाण्याचा हिशोब मागून रायले तुम्ही 😀 पण मांडा बावा, ऐकाले मजा येईल.

पुसदकर_ग्रीली

धुऱ्यावरचे भाऊ, तुमचे मावसभाऊ खरं बोलतात. मी पुसदचा, नऊ वर्षांपासून कोलोरॅडोत ग्रीलीजवळ आहे, सर्व्हे-नकाशांच्या कामात, त्यामुळे अशा खदानींच्या फाइली नेहमी हाताखालून जातात. पण यातलं अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय आणि जे पोचलं नाही तेच तुमच्या कामाचं आहे.

पहिलं म्हणजे इथली खदान तुमच्यासारखी काळ्या पत्थराची नाही. साउथ प्लॅट नदीच्या काठानं रेती-गोट्याचे थर आहेत, पाच-दहा फुटांवर पाणी लागतं. वरची माती काढून रेती-गोटा उपसला की खड्ड्यात तळं तयार होतं. जे पाणी आधी जमिनीखाली सावलीत होतं ते आता उन्हात उघडं पडलं. एक एकर उघड्या पाण्यातून इथं वर्षाला साधारण तीन फूट पाणी उडतं, म्हणजे जवळपास ३७ लाख लिटर. वर धुतलेल्या मालासोबत पाणी ट्रकमधून बाहेर जातं, त्याचा हिशोब साधारण वजनाच्या ४ टक्के धरतात. एक लाख टन माल विकला तर ४० लाख लिटर पाणी रस्त्यानं गेलं. शिवाय धूळ बसवायला टँकर मारतात ते वेगळं.

आता हे कोणाच्या वाट्याचं गेलं? इथं पाण्याचा हक्क तारखेवर चालतो. ज्याच्या बापजाद्यानं १८६५ ला पाट काढला त्याचा नंबर १९५० वाल्याच्या आधी. नदीत पाणी कमी झालं की खालचा जुना हकदार हाक मारतो आणि वरच्या नव्या हकदाराचं गेट बंद होतं, मग त्याचं पीक वाळो की काही होवो. नदी केव्हाचीच वाटून संपलेली आहे, त्यामुळे नवीन माणसाला पाणी पाहिजे तर जुन्याचं विकत घे, दुसरा रस्ता नाही. १९८८ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भूजल उघडं पाडणारा खदानीचा खड्डा म्हणजे विहीरच, त्याला विहिरीचं परमिट लागेल. दुसऱ्या वर्षी विधिमंडळानं कायदा केला, त्यात १९८१ च्या आधी ज्यांनी पाणी उघडं पाडलं होतं त्यांना बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट दिली, बाकी सगळ्यांना भरपाई आली.

मग खदानवाला पाट कंपनीचे शेअर घेतो. इथं पाट हा शेतकऱ्यांच्या कंपनीचा असतो, जितके शेअर तितकं पाणी. पण शेअर घेतला म्हणजे सगळं पाणी मिळालं असं नाही, इथंच खरी गंमत आहे. समजा शेताला १०० भाग पाणी यायचं, त्यातलं ५० पिकानं पिलं आणि ५० झिरपून महिन्या-दोन महिन्यांनी परत नदीत गेलं, तर खदानवाल्याला फक्त पिकानं पिलेले ५० मोजून मिळतात. परत जाणारे ५० खालच्या हकदारांचे आहेत, ते जसे जात होते तसेच, त्याच महिन्यात गेले पाहिजेत. आणि हे ५० सुद्धा तोंडी नाही, किती वर्षं काय पेरलं, पाटातून किती घेतलं याच्या जुन्या नोंदी काढून इंजिनिअर सिद्ध करतो.

आणि शेत खरंच कोरडं आहे का ते बघायला माणूस येतो. मी असं एक शेत पाहिलंय, चारही बाजूंनी हिरवा मका आणि अल्फाल्फाचा चारा, मधे हा तपकिरी चौकोन. पाटाच्या गेटला साखळी-कुलूप. बाजूच्या शेताचं पाणी झिरपून एका कोपऱ्यात जुना चारा हिरवा उगवला होता तर तेवढा तुकडा नकाशावर मोजून हिशोबातून वजा करावा लागला, कारण तिथं पाणी अजून पिलं जातंय. दर महिन्याला तक्ता जातो, किती उडालं, किती विकलं, किती भरलं.

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका)

बाप रे, कोपऱ्यातला चारा पण मोजतात! इकडे आमचं अख्खं धरण कोणी मोजत नाही. पण भाऊ, मले सांगा, त्या हिशोबात माह्या विहिरीचं काय? नदीत पाणी भरलं तर माही विहीर कशी भरंन?

पुसदकर_ग्रीली

तेच सांगणार होतो, हात दुखला म्हणून थांबलो होतो. नाही भरणार. हे नीट समजून घ्या नाहीतर ग्रामसभेत चुकीची मागणी कराल.

पाणी खाणं वेगळं आणि पाणी हलवणं वेगळं. शेताचा हक्क घेऊन भरून देतात ते खाल्लेल्या पाण्याबद्दल, म्हणजे उडालं, मालासोबत गेलं, धुळीवर मारलं. खड्डा कोरडा ठेवायला जे उपसून परत नदी-नाल्यात सोडतात ते इथं बहुतेक खाल्लेलं धरत नाहीत, कारण नदीच्या हिशोबात ते कुठं गेलंच नाही. तुमचा त्रास तर नेमका तोच आहे, तुमच्या विहिरीखालचं पाणी हललं आणि नाल्यानं खाली गेलं. खालचा नदीकाठचा माणूस म्हणेल मला तर जास्तच आलं!

शेजारच्या विहिरीसाठी इथं दुसरा नियम आहे. ६०० फुटांच्या आत कोणाची विहीर असेल तर परमिटच्या आधी त्याची लेखी संमती, नाहीतर सुनावणी. तुम्ही ४५० फुटांवर म्हणजे इथं असता तर तुमच्या सहीसाठी खदानवाला घरी चहाला आला असता. आणि काही ठिकाणी उपसलेलं पाणी सरळ नदीत न सोडता खड्डा आणि विहिरी यांच्या मधे लांब चर खणून त्यात सोडतात, ते तिथंच मुरतं आणि विहिरींची पातळी धरून राहते. तुमच्या जागी मी हे मागितलं असतं.

पाटकरी_निवृत्त

मी ३१ वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, शेवटी कालवा निरीक्षक म्हणून सुटलो. कायद्याचं विचारलंत म्हणून लिहितो.

विकायला जो हक्क लागतो तो आपल्याकडे तुमच्या हातात आहे का हे आधी बघा. कालव्याचं पाणी तुम्ही हंगामाला नमुना सात भरून मागता, थकबाकी नसेल तर मंजूर होतं. ज्यांनी रब्बीत अर्जच केला नाही त्यांच्याकडे त्या हंगामात विकण्यासारखं काही नाही. पाणीवापर संस्था असेल तर २००५ च्या कायद्यानं संस्थेला कोटा मिळतो, घनमापावर, तो संस्थेचा, एकट्याचा नाही. त्याच वर्षीचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, त्यात पाण्याचा हक्क देता-घेता, विकता येईल असं म्हटलंय पण ते वर्षापुरतं किंवा हंगामापुरतं. कायमचा विकून शेत कायमचं कोरडं, ही भानगड आपल्याकडे बसत नाही. हक्क रिटायर करायचा तर आधी तो नोकरीला तर लागला पाहिजे!

विहिरीचं म्हणाल तर अजून इंग्रजांच्या १८८२ च्या वहिवाट कायद्यावर गाडी आहे. ज्याची जमीन त्याच्या खालचं झिरपतं पाणी त्याचं, त्यानं ते काढलं म्हणून शेजाऱ्याला सहसा बोलता येत नाही. खदानवाल्याचा वकील हेच म्हणणार. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे पण त्याचा जोर अधिसूचित क्षेत्रात आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती. म्हणून एक बघा, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर खदानीपासून किती लांब आहे? ती जवळ असेल तर तुमचं प्रकरण एकदम वेगळ्या टेबलावर जातं.

आणि पाळी विकून पाणी दुसरीकडे देणं, त्याचा अनुभव सांगतो. माझ्या एका चारीवर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, दोघांनी लिहून दिलं की आम्हाला यंदा पाणी नको. मी खूश, म्हटलं तेवढं पाणी वाचलं, पुढच्या पाळीला सोडू. कुठलं काय, चारीच्या तोंडाशी असलेल्या हेडवाल्यांनी रात्री दगड सरकवून गहू दोनदा भिजवला. गेजची पट्टी होती पण तिच्यावरचे आकडे म्हशींनी अंग घासून घासून पुसून टाकलेले, पाणी किती आलं ते मी पट्टीवर नाही तर हेडवाल्यांच्या धुऱ्यावरच्या चिखलावरून ओळखायचो. अशा चारीवरचं वाचलेलं पाणी तुम्ही खदानीच्या खात्यात जमा करणार कसं? तिकडं हे चालतं कारण शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदी आहेत. आपल्याकडे शेत तेवढं कोरडं होईल, तेही आधी कागदावर.

वैनगंगेचा_पोऱ्या (भंडारा)

आमच्याइकडं तर खड्डा पण दिसत नाही, रेती नदीतूनच जाते. पात्र खाली गेलं की काठच्या विहिरी खाली जातात, उपसा कोणी केलाच नाही तर भांडता कोणाशी गा. बाकी पाटकरी काकांनी हक्काचं म्हटलं त्यावरून आठवलं, आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर निस्ताराचा, म्हणजे गावाच्या वापराचा, हक्क होता, कोणाची ढोरं, कोणाचं धान, कोणाला कवा पाणी, मालगुजारीच्या काळापासून सगळं लिहिलेलं. म्हणजे आपल्याकडं नोंद ठेवायची अक्कल नव्हती असं नाही. पण तो हक्क गावाचा होता, त्यातून एक माणूस आपला वाटा काढून खदानवाल्याला विकू शकला नसता.

मक्त्यानं_करते

मी वाचूनच रायली होती पन एक लिवतो. पुन्यातल्या पोराईच्या वावराचं पानी विकाचं म्हनता, तर थे वावरं रिकामे हायेत का? आमच्या गावात असे सगळे वावर मक्त्यानं दिलेले हायेत, आमी करतो. चना तेवढ्या एका पान्यावर होते. मालकानं खदानीवाल्यापासून पैसे घेतले अन् लिहून देल्लं का इथं ओलीत नाई, त मले कोन इचारन? माह्या नावानं ना सातबारा ना नमुना सात. वरून नींदनाच्या बायाईची मजुरी गेली थे अल्लग.

पुसदकर_ग्रीली

ताई, लाख बोललात. इथंही हाच घोळ झालेला आहे आणि तो मी मगाशी लिहायचा राहिला, लिहायला पाहिजे होता. इकडे त्याला म्हणतातच ‘घ्या आणि वाळवा’. अर्कान्सास नदीवर क्राउली म्हणून काउंटी आहे, कधीकाळी तिथं ५० हजार एकरांहून जास्त ओलीत होतं, टरबूज, साखरेचा बीट, टोमॅटो. ७० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी पाण्याचे शेअर शहरांना विकले, आता काही हजार एकर उरलंय. मी गाडीनं गेलोय त्या रस्त्यानं, मैलोन्‌मैल धूळ आणि वाळलेलं काटेरी गवत, गावात दुकानांच्या काचांना फळ्या ठोकलेल्या. ज्यांनी विकलं त्यांना पैसे मिळाले, पण ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला, बी-बियाणंवाल्याला, शाळेला कोणी शेअर दिला नव्हता. ते पाणी शहरांना गेलं, खदानींना लागतं ते त्यामानानं थोडंच, पण युक्ती तीच. शेत वाळवलं तर त्यात देशी गवत रुजवून द्यायची अट आता बऱ्याच ठिकाणी घालतात, नाहीतर आपल्या गाजरगवतासारखं तण माजतं.

अर्कान्सासच्या खोऱ्यात एवढं कडक का, तर ती नदी पुढं कॅन्सस राज्यात जाते. कोलोरॅडोतल्या विहिरींनी आमचं पाणी ओढलं म्हणून कॅन्ससनं १९८५ ला दावा टाकला, १९९५ ला देशाच्या सुप्रीम कोर्टानं कोलोरॅडोला दोषी धरलं आणि शेवटी ३ कोटी ४० लाख डॉलरच्या वर भरावे लागले. तेव्हापासून मीटर नाही तर पंप नाही. चांगुलपणानं काही झालेलं नाही भाऊ.

अजून एक. खदान बंद झाली तरी खड्ड्यातलं तळं उडतच राहतं, म्हणून इथं भरपाई कायमची. नाहीतर खड्डा बुजवा किंवा चारही बाजूंनी चिकणमातीची भिंत घालून भूजलापासून तोडा. अशा तोडलेल्या खड्ड्यांचे मग शहरं साठवण तलाव करतात, चांगल्या भावानं विकले जातात. तुमच्या खदानवाल्याला विचारा, संपल्यावर खड्ड्याचं काय.

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका)

सगळ्याईचे आभार. ताई, तुमचं म्हणणं पटलं, पाळ्या विकायचा मुद्दा मी काढून टाकला. आमच्या त्या पाच-सहा वावरांतले चार मक्त्यानंच आहेत, मी नीट पाहिलंच नव्हतं.

पुसदकर भाऊंनी खाणं अन् हलवणं वेगळं सांगितलं तवा डोक्यात आलं, हललेलं आधी मोजून तर पाहू. काल दुपारी मी अन् शेजारचा पोरगा २०० लिटरचा ड्रम घेऊन नाल्यावर गेलो जिथं खदानीचा पाइप सुटते. मोबाइलवर टाइम लावला, तीनदा केलं, १९, २१ अन् २० सेकंदात ड्रम भरला. पाण्याच्या जोरानं ड्रम आडवा होत होता, पोरगा त्याले मिठी मारून बसला, पार भिजला. हिशोब कोणी तपासून द्या.

पाटकरी_निवृत्त

२० सेकंदात २०० म्हणजे सेकंदाला १० लिटर. तासाला ३६ हजार. मोटर किती तास चालते?

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका)

सकाळी सहा ते रात्री दहा. मधे लाइन गेली तर जनरेटर.

पाटकरी_निवृत्त

१६ तास, ५ लाख ७६ हजार लिटर. एका एकर गव्हाला एक पाणी दोन-सव्वादोन इंच धरलं तर साधारण सव्वादोन लाख लिटर. म्हणजे रोज दोन एकरांहून जास्त गव्हाची एक पाळी नाल्यातून जाते. महिन्याचं तुम्हीच काढा. हा आकडा तारीख-वेळ टाकून लिहा, चार साक्षीदारांच्या सह्या घ्या, सरपंच आला तर उत्तम. व्हिडिओ पण काढा, ड्रम आणि घड्याळ एकाच चौकटीत दिसू द्या. मग ग्रामसभेत कोलोरॅडो वगैरे काही सांगू नका, तिथं अर्धे लोक उठून जातील. एवढंच मागा की पाइप नाल्यात न सोडता तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणून त्यात सोडावा, खर्च खदानीचा. सोबत माहिती अधिकारात खदानीच्या पर्यावरण मंजुरीची प्रत मागा. पाण्याच्या पातळीखाली खोदण्याबद्दल अट बहुतेक असतेच, ती अक्षर न् अक्षर वाचा.

एक लक्षात घ्या, काळ्या पत्थरात पाणी भेगांनी चालतं. चरातलं पाणी तुमच्याच विहिरीत येईल याची गॅरंटी नाही, शेजाऱ्याच्याही निघेल. म्हणून आधी आठ दिवस सोडून बघायचं, विहिरीत दोरीला गाठी मारून रोज सकाळी मोटर लावायच्या आधी पातळी मोजायची. आताच्या गाठी आजपासूनच मारा, नंतर तुलना कशाशी करणार.

पुसदकर_ग्रीली

काकांच्या हिशोबाला जोड. तुमच्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ मिलिमीटर सहज उडत असेल. खड्ड्यात एक एकर पाणी साचलेलं असेल तर रोज ३२ हजार लिटर, १० हजारचे तीन टँकर. म्हणजे तुमच्या केसमध्ये उडालेलं फार थोडं आहे आणि हललेलं त्याच्या अठरापट. इथल्या फाइलींमध्ये महिनोन्‌महिने भांडण चालतं ते त्या तीन टँकरवर.

टिप्परचालक_माजी

मस्करी केली होती पण आता खरं सांगतो. मी खदानीवर होतो, दुसऱ्या तालुक्यातल्या. उपसा कमी करायचा तर मालकाले आवडते, डिझेल वाचते. चर खणायले पोकलेन त्याच्याच घरचा, अर्ध्या दिवसाचं काम. भांडायले जाऊ नका, डिझेलचा हिशोब घेऊन जा. फक्त चरातलं पाणी झिरपून परत खड्ड्यात येईल अशी भीती त्याले राहीन, म्हणून चर तुमच्या विहिरीकडे सरकवून मागा, खड्ड्याच्या काठावर नाही.

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका)

टिप्परभाऊ, हे कोणी सांगितलंच नसतं. दोरी आणली, गाठी मारल्या, आज सकाळी पाणी एकतिसाव्या गाठीवर. एक गाठ एक फूट.

पण नवीनच झालं. परवा आम्ही ड्रम लावला ते कोणी तरी पाहिलं असंन, कालपासून दिवसा मोटर बंद. पाइप कोरडाठक, कोणी म्हणंन इथं पाणीच निघत नाही. रात्री साडेदहाले जाऊन कान लावला तर चालू. ग्रामसभा मंगळवारी आहे. सरपंच रात्री यायले तयार नाही, म्हणे नाल्यात साप आहेत. आर्वी-पुलगावकडचं कोणी वाचत असंन तर सांगा, सोमवारी रात्री अकराले टॉर्च अन् ड्रम धरायले कोण येते?